दगडातला उजेड कोणाचा?

गटेच्या ‘वेर्थर’मध्ये (१७७४) एक लहानशी जागा आहे. नायकाला लॉट्टेकडे जाणे जमत नाही, म्हणून तो नोकराला पाठवतो. नोकर परततो तेव्हा, तिची नजर ज्याच्यावर पडली असे कोणीतरी आपल्याजवळ आहे एवढ्यानेच तो हरखून जातो. तिथे त्याला बोलोन्याचा दगड आठवतो : उन्हात ठेवला की ऊन पिणारा आणि रात्री काही काळ उजळणारा. तौलनिक साहित्याच्या तासाला या प्रतिमेचा अर्थ लावून पुढे जाण्याचा प्रघात आहे. आम्हांला मात्र या वेळी दगडापाशीच थांबावेसे वाटले.

हा दगड म्हणजे बॅराइट, बेरियमचे धातुक. १६०२च्या सुमारास बोलोन्याजवळच्या पादेर्नो टेकडीवर विन्चेन्त्सो काश्यारोलो या जोडे शिवणाऱ्या, किमयेचा नाद असलेल्या गृहस्थाला तो सापडला. दगड वाजवीपेक्षा जड; म्हणून त्याने तो कोळशाबरोबर भाजला. सोने काही निघाले नाही, पण अंधारात तो निखाऱ्यासारखा दिसू लागला. गटे स्वतः पादेर्नोला जाऊन हे दगड गोळा करून आला तो १७८६मध्ये, कादंबरीनंतर बारा वर्षांनी. (प्रतिमा आधी, दगड नंतर, हा क्रम आमच्या व्यवसायबंधूंना ओळखीचा वाटेल.) हा उजेड नेमका कशाचा, याचा उलगडा व्हायला २०१२ साल उजाडले. भाजल्यावर बॅराइटचे बेरियम सल्फाइड होते आणि त्यात अडकलेला तांब्याचा अत्यल्प अंश प्रकाशतो. दगड ज्या द्रव्याचा बनलेला आहे, ते नुसते घर. दिवा लावतो तो भाडेकरू.

‘शुद्ध’ हा शब्द दिवसातून दहा वेळा उच्चारणाऱ्या आम्हां मराठीच्या अध्यापकांना हे वाचून गुदगुल्या होणे स्वाभाविक होते. भेसळ हीच झळाळी, असे एक सोयीचे विधान जिभेवर आलेच. फारसी-अरबीच्या अंशाने उजळलेली मराठी वगैरे पुढची वाक्येही आपोआप सुचू लागतात. पण खनिजे इतकी आज्ञाधारक नाहीत.

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात फ्रँकलिन आणि स्टर्लिंग हिल या जस्ताच्या दोन खाणी होत्या. पहिली १९५४मध्ये बंद झाली, दुसरी १९८६मध्ये; दुसरीचे आता संग्रहालय आहे. तिथला दगड साध्या उजेडात मळकट, काळपट दिसतो. अतिनील दिवा लावला की त्यातले विलेमाइट हिरवेगार होते आणि कॅल्साइट तांबडे-नारिंगी. दोन्ही रंग मँगनीजचे. विलेमाइटमध्ये ते जस्ताच्या जागी शिरते, कॅल्साइटमध्ये कॅल्शियमच्या. पाहुणा तोच, पण घर बदलले की रंग बदलतो. तेव्हा उजेड मँगनीजचा असेही निखालस म्हणता येत नाही. शिवाय कॅल्साइटमधल्या मँगनीजला अतिनील किरण स्वतःहून फारसे शोषता येत नाहीत. तिथे शिशाचा थोडासा अंश मध्यस्थी करतो : किरण तो शोषतो, ऊर्जा मँगनीजकडे सोपवतो आणि स्वतः अंधारात राहतो. आम्हांला या साऱ्या प्रकरणात सर्वांत आवडले ते हे शिसे.

परंतु याच दगडात लोखंडही शिरते, आणि ते उलटे वागते. मँगनीजपर्यंत पोहोचायची ऊर्जा ते मधल्यामध्ये घेते आणि तिची उष्णता करून टाकते. लोखंड वाढले की दीप्ती मंदावते, मग विझते. मँगनीजदेखील प्रमाणाबाहेर गेले तर ऊर्जा एका अणूकडून दुसऱ्याकडे फिरत राहते आणि बाहेर पडण्याआधीच वाटेत विरते. म्हणजे परका आला की उजेड आला, असा नियम नाही. कोण आला, किती आला, कोणाच्या जागी बसला आणि शेजारी कोण, हे सगळे विचारावे लागते. भाषेबद्दल बोलताना इतके प्रश्न विचारण्याची चिकाटी शुद्धतावाद्यांत नसते. संकराचे गोडवे गाणाऱ्यांतही ती आम्हांला क्वचितच आढळली आहे.

आणि शीलाइट तर सगळाच डाव मोडते. कॅल्शियम आणि टंगस्टनचे हे खनिज कोणाच्याही मदतीवाचून, आपल्याच घडणीमुळे निळसर-पांढरे उजळते. मॉलिब्डेनमचा अंश शिरला की तोच उजेड पांढऱ्याकडे झुकतो आणि प्रमाण शेकडा एकाच्या आसपास गेले की पिवळा होतो. म्हणून टंगस्टन शोधणारे भूवैज्ञानिक रात्री अतिनील दिवा घेऊन निघतात आणि नुसत्या रंगावरून मॉलिब्डेनमचा अंदाज बांधतात.

नागपूर जिल्ह्यात कुही, खोबना, आगरगाव या पट्ट्यात टंगस्टनची दोन्ही धातुके आढळली आहेत, शीलाइट आणि वुल्फ्रमाइट. वुल्फ्रमाइटमध्ये लोखंड आणि मँगनीज हे अंशरूपाने नव्हे, मुख्य घटक म्हणूनच असतात. विलेमाइटला हिरवे करणारे तेच मँगनीज. पण या खनिजावर दिवा धरला तर ते काळेच राहते. ते शोधायचे तर दिवसाउजेडी जावे लागते आणि काळ्या रंगावरून, हाताला लागणाऱ्या वजनावरून ओळखावे लागते.