पावतीतला ‘प’

शब्द जसा लिहिला तसा उच्चारावा, हा आमच्या घरातला संस्कार. देवनागरीत वाढलेल्या माणसाला दुसरे काही सुचतही नाही. इंदूरच्या आमच्या वाड्यात वडिलांचा एक जाडजूड इंग्रजी कोश असे. त्यात अर्थ होते, उच्चार नव्हते. भाड्याची पावती फाडताना अण्णा दर वेळी ‘रिसीप्ट’ म्हणत. ‘प’ अगदी ठसठशीत. कॉलेजात जाऊन शहाणे झालेले आम्ही एकदा भाडेकरूंदेखत म्हणालो, “अण्णा, त्यातला ‘प’ उच्चारायचा नसतो.”

“मग छापला कशाला?”

आम्ही हसलो. उत्तर मात्र आमच्यापाशी नव्हते.

ते सेवानिवृत्तीनंतर, कोश चाळण्याच्या नादात सापडले. फ्रेंच वळणाने इंग्रजीत आलेल्या त्या शब्दात ‘प’ नव्हताच. लॅटिन मुळाची ओळख राहावी म्हणून पंडितांनी तो मागाहून बसवला. कर्जाच्या ‘डेट’मधला ‘ब’ही तसाच. गंमत अशी, की त्याच लॅटिन धातूपासून आलेल्या ‘डिसीट’ला, म्हणजे फसवणुकीला, हा मान मिळाला नाही!

मग कोशकाराने बाजू कोणाची घ्यावी? सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या कोशात शब्दावर जोर कोठे द्यावा तेवढे दाखवले, आणि लिखित रूपापासून जो कमीत कमी ढळतो तोच उत्तम बोलणारा, असे ठरवून टाकले. बिचारा करणार काय? कोशाची योजना प्रसिद्ध होताच लॉर्ड चेस्टरफील्डने ‘ग्रेट’चे यमक ‘स्टेट’शी जुळते असे सांगितले. सर विल्यम यंगचे म्हणणे, ते ‘सीट’शी जुळते; ‘ग्रेट’ असा उच्चार केवळ आयरिश माणूसच करील. जॉन्सनच्या मते दोघेही आपापल्या सभागृहातले सर्वश्रेष्ठ वक्ते! पुढे १७९१ मध्ये जॉन वॉकरने स्वरांवर आकडे घालून उच्चार बांधले, तर १९१७ मध्ये डॅनियल जोन्सने ध्वनिलिपी वापरली. पण जोन्सने नोंदवलेला उच्चारही दक्षिण इंग्लंडमधल्या, बड्या निवासी शाळांत शिकलेल्या घराण्यांचाच.

पुण्याचे नातलग आमच्या इंदुरी मराठीला हसत, तेव्हा आम्हांला ते फार झोंबे. अण्णांना हसताना त्याची आठवण झाली नव्हती.

अण्णांनी जॉन्सनचा तो नियम कधी वाचला नसावा. ते त्याबरहुकूम बोलत, इतकेच. आम्हांला हे उमगेपर्यंत ते राहिले नव्हते. त्यांच्या पावतीपुस्तकाच्या काही स्थळप्रती अद्याप कपाटात आहेत.