न छेडलेला गंधार

तंबोऱ्याला तारा चार. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या, शेवटची पितळेची, खर्जाची. स्वर म्हणून पाहिलं तर दोनच, सा आणि प. तरी तंबोरा नीट जुळला की त्यातून गंधार बोलू लागतो. तो कुणी छेडलेला नसतो, त्याची तारच नसते. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. माझी नि त्याची ओळख सांगलीतल्या गाण्याच्या शिकवणीत झाली आणि ती आजवर टिकून आहे.

आमच्या बाई नव्या मुलीला लगेच गाऊ देत नसत. आधी तंबोऱ्यामागे बसवत. मधल्या बोटानं पंचम, तर्जनीनं बाकीच्या तिन्ही तारा, एका लयीत, न थांबता. मध्येच विचारत, "गंधार आला का गं?" मोठ्या मुली माना डोलवत. मला तारांचा गुंजारव ऐकू येई, त्याच्या आत काही वेगळं आहे असं जाणवत नसे. एके दिवशी बाईंनी माझ्या हातून तंबोरा घेतला. खर्जाच्या तारेच्या लांबीचा पाचवा हिस्सा जिथे येतो तिथे तारेला बोट नुसतं टेकवलं आणि तार छेडली. बारीक, स्वच्छ, उंच स्वर निघाला. "हा बघ. आता बोट काढते. तू ह्याला धरून ठेव." बोट निघालं, तार मोकळी वाजली, आणि तो स्वर तिच्यात तसाच वाजत होता.

त्या दिवसापासून तो मला कधी शोधावा लागला नाही. पुढे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांच्या 1863 सालच्या ध्वनीवरच्या ग्रंथाविषयी वाचताना कळलं की तारेतले उपस्वर ऐकण्याची नेमकी हीच रीत त्यांनी सांगितली आहे. हवा तो स्वर आधी कानाला वेगळा ऐकवा, मग मिश्रणात शोधा. बाईंना ही रीत त्यांच्या गुरूंकडून आली होती. दोन ठिकाणी, एकमेकांचा पत्ता नसताना, कानाला शिकवण्याची एकच युक्ती सापडावी याचा मला आजही आनंद होतो.

पुण्याला बी.एस्सी.ला गेले तेव्हा गंधाराचा हिशेब वहीत मांडता आला. ताणलेली तार अख्खी हलते, त्याच वेळी दोन भागांत, तीन, चार, पाच भागांत हलत असते. काळी चार पट्टीत लावलेल्या आमच्या तंबोऱ्यात खर्जाची तार सेकंदाला सुमारे 104 कंपनं करते. तिची दुप्पट 208, तो मध्य षड्ज. तिप्पट 312, तो पंचम. चौपट 416, तार षड्ज. आणि पाचपट 520, तो तार सप्तकातला गंधार. पंचमाच्या तारेलाही हाच नियम लावला की तिच्या तिपटीतून रिषभ निघतो आणि पाचपटीतून निषाद. म्हणजे सा आणि प एवढंच छेडलं तरी सा, रे, ग, प, नी इतके शुद्ध स्वर खोलीत हजर असतात. तंबोऱ्याला नुसता आधाराचा सूर म्हणणं मला म्हणूनच अपुरं वाटतं.

फ्रान्समधल्या मेर्सेन या धर्मगुरूनं 1636 साली छापलेल्या ग्रंथात एकाच तारेतून असे वरचे स्वर ऐकू येतात हे नोंदवून ठेवलं आहे, आणि त्यांत हा गंधार आहे. एक तार एकाच वेळी अनेक गतींनी कशी हलेल, हे कोडं मात्र त्याला सुटलं नाही. ते 1701 च्या सुमारास सोव्हूर या शास्त्रज्ञांनी उलगडलं. ते स्वतः जवळजवळ बहिरे होते, हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते.

पेटीवरचा गंधार तंबोऱ्यापेक्षा चढा का लागतो, हेही तेव्हाच उमगलं. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. त्यामुळे तिचा गंधार 524 च्या जवळ जातो आणि तारेतला 520 पाशी असतो. दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला चारएक हेलकावे कानावर येतात. बाई रियाजाला पेटी का घेऊ देत नसत याचं उत्तर त्या चार हेलकाव्यांत होतं.

पण उपस्वर तर सगळ्याच तारांत असतात. गिटारमध्ये ते असे उठून का बोलत नाहीत? याचं उत्तर घोडीत आहे. तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि तिचा माथा किंचित उतरता, गोलावलेला असतो. तार त्या उतारावर अगदी चाटून जाते. हलताना ती घोडीला लागते, सुटते, पुन्हा लागते, आणि दर वेळी तिची जोमदार हालचाल थोडी थोडी वरच्या उपस्वरांना मिळत राहते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवून हे लागणं-सुटणं नेमकं साधलं की जवारी लागली. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 साली कलकत्त्यात याचा अभ्यास केला. ज्या बिंदूवर तार छेडावी तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असेल, तो उपस्वर उमटू नये असा युरोपात मान्य झालेला नियम होता. तंबोरा आणि वीणा तो सरळ मोडतात, गाळले जायला हवेत ते स्वरही ठणठणीत ऐकू येतात, हे रामन यांनी दाखवलं. त्याआधी 1920 साली त्यांनी आणि शिवकाली कुमार यांनी मृदंग-तबल्यावरच्या शाईबद्दल लिहिलं होतं. साध्या चामड्याचे उपस्वर बेसूर असतात. मधल्या शाईच्या वजनानं ते सुरेल नात्यात येतात. तबल्याला सूर असतो तो या काळ्या ठिपक्यामुळे.

रामन यांनी मोजलं, पण ती घोडी घासणारे हात आमच्या शेजारच्या गावात होते. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्यं बनवायला सुरुवात केली. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार-पाणी करणारी माणसं. संस्थानी फौजांची शस्त्रं थंडावली आणि हे हात सतार-तंबोऱ्याकडे वळले. आजही सतारमेकर गल्लीत त्यांच्या वंशातली मंडळी काम करतात. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे कडू भोपळे वाळून येतात, त्यावर तुणीच्या लाकडाची तबली आणि दांडी चढते. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ याच गावात राहिले, 1937 साली ख्वाजा शमना मीरा दर्ग्यापाशी विसावले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा घरचं कार्य असावं तसं मला झालं.

नोकरीला लागल्यावर मी स्वतःचा तंबोरा घेतला, आणि जवारी काढायला तो गवसणीत घालून मिरजेला नेऊ लागले. वर्षानुवर्षं वाजून तारा घोडीत बारीक खाचा पाडतात, मग आवाज बसतो. कारागीर तारा उतरवतो, कानशीचे दोन-चार हात फिरवतो, तार चढवतो, ऐकतो, पुन्हा उतरवतो. तिथे माप नाही, यंत्र नाही. एकदा मी विचारलं, "चाचा, अजून किती घासायचं हे कसं कळतं?" ते म्हणाले, "ताई, गंधार आला की हात थांबतो." पदवीच्या वर्गात मी जे समीकरणांनी शिकले होते ते त्या कानशीच्या टोकाशी येऊन थांबत होतं, आणि त्या थांबण्यात मला कुठल्याही प्रयोगशाळेइतकीच अचूकता दिसली.

एक प्रश्न मात्र बरीच वर्षं छळत राहिला. मालकंस रागात गंधार कोमल, मग खर्जातून झिरपणारा शुद्ध गंधार त्यात कसा चालतो? मालकंसाला पहिली तार पंचमाऐवजी मध्यमाला लावतात. मध्यमाच्या तिपटीतून निघतो तो षड्जच, म्हणून सगळा तंबोरा मध्यम-षड्जाकडे झुकतो, आणि दोरा थोडा सरकवून खर्जाची जवारी आवरती घेता येते. तरी शुद्ध गंधार पुरता जात नाही. चांगला गवई कोमल गंधार असा ठाम लावतो की ऐकणाऱ्याचं मन त्याच्याच बाजूला राहतं. हे सगळं भौतिकीत बसवता येईल असं मला वाटत नाही, आणि मालकंस ऐकताना ते बसवावंसंही वाटत नाही.

आता वय झालंय. कान उतरतात ते वरच्या टोकाकडून. जवारीची वरची झळाळी, हजारो कंपनांची, मला पूर्वीसारखी ऐकू येत नाही. 520 चा गंधार मात्र त्या उताराच्या पुष्कळ खाली आहे, तो शाबूत आहे.

भाची गाणं शिकते. तिचा तंबोरा फोनमध्ये. तिला वाटलं मी नाक मुरडेन. उलट त्या फोननंच मला या गोष्टीची दुसरी बाजू दाखवली. त्याच्या इवल्याशा स्पीकरला 104 कंपनांचा आवाज जवळजवळ काढताच येत नाही. तरी आम्हा दोघींना खर्ज स्पष्ट ऐकू येतो. स्पीकरमधून 312, 416, 520 निघतात, आणि त्यांच्यातलं सारखं अंतर ओळखून मेंदू खालचा 104 स्वतः जुळवतो. झेबेक या जर्मन शास्त्रज्ञानं 1841 च्या सुमारास भोंग्याच्या चकतीवर हे पाहिलं होतं, आणि त्यावरून ओह्म यांच्याशी त्यांचा मोठा वाद झाला होता. लाकडी तंबोऱ्यात छेडला नाही तो गंधार खरोखर हवेत असतो. फोनमधला खर्ज हवेत नसतो, तो आमच्या डोक्यात तयार होतो.

हे सांगितल्यावर भाचीनं फोन उशीखाली घातला, कानाशी धरला, टेबलावर ठेवला, सगळं करून पाहिलं. मग म्हणाली, "मावशी, तुझ्या तंबोऱ्यात पाचवा भाग कुठे येतो ते दाखव." मी गवसणी काढली. घोडीपासून वर मोजत तिनं खर्जाच्या तारेला बोट टेकवलं. पहिल्यांदा नुसता खट्ट आवाज आला. बोट केसभर वर सरकवून तिनं तार पुन्हा छेडली.