बांधाची कोरडी बाजू

जून संपत आला की आमच्या घरच्या फोनवर एकच प्रश्न येतो. "कडावला कधी जायचं? आणि जाताजाता धरणावर जाऊ ना?" कधी भाचा विचारतो, कधी ऑफिसातली मंडळी. माझं आजोळ कडावचं आहे हे सगळ्यांना पाठ झालंय, त्यामुळे कर्जत तालुक्यातल्या समस्त धबधब्यांची आणि धरणांची चौकशी माझ्याकडेच!

'धरण' म्हणजे बहुतेक वेळा सोलनपाड्याचं. कर्जत-मुरबाड रस्त्याने कडाव, पुढे कशेळे, आणि तिथून आत जामरुंगच्या बाजूला. मातीचं लहानसं धरण. भरलं की सांडव्यावरून पाणी फेसाळत खाली येतं आणि त्यात बसायला मुंबई-ठाण्याहून माणसं येतात. मागे डोंगर, वर ढग, हातात भाजलेलं कणीस. सुंदर जागा आहे, यात वादच नाही.

पण एक गंमत माझ्या फार उशिरा लक्षात आली. 'धरणाचे फोटो' म्हणून मला जे पाठवले जातात त्यात धरण नसतंच. असतो तो सांडवा. धरण म्हणजे बाजूची ती गवताळ, लांबलचक, कंटाळवाणी टेकाडासारखी भिंत. जिच्यावर गाडी लावली, वडापाव खाल्ले आणि पाठ फिरवली, ती. सगळं पाणी तिने अडवून धरलेलं असतं आणि तिच्याकडे कुणी बघत नाही.

मला तिच्याकडे बघायला शिकवलं ते मामाने. तसं मुद्दाम शिकवलं वगैरे नाही. मामाची कडावला भातशेती. पावसाळ्यात रात्रभर पाऊस झाला की तो सकाळी चहाच्याही आधी फावडं घेऊन बांधावर जायचा. आम्ही पोरं मागे. तो भाताकडे बघायचाच नाही. बघायचा बांधाच्या खालच्या बाजूला, म्हणजे जिथे पाणी नसायला हवं तिथे. कुठे ओल आहे, कुठे बारीक धार लागलीय. धार दिसली की वरच्या बाजूने मुठ्याचं बीळ शोधायचं (मुठे म्हणजे शेतातले काळे खेकडे), चिखलाचा गोळा घालायचा आणि टाचेने दाबायचं. मुठा हाती लागला तर रात्री कालवण. एकदा मी म्हणालो, "मामा, सगळे मुठेच पकडून टाकले तर?" तर म्हणाला, "मुठा भोक पाडणारच. त्याचं तेच काम. आपलं काम बुजवायचं."

हे वाक्य मला आठवलं ते २०१९ च्या जुलैत. २ जुलैच्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. तेही मातीचंच. खालची भेंदवाडी वाहून गेली आणि वीसेक माणसं गेली. धरणाला गळती आहे हे गावकऱ्यांनी आधीपासून सांगितलं होतं. त्यानंतर तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचं विधान केलं आणि महाराष्ट्रभर त्याची टिंगल झाली. आंदोलक खेकडे घेऊन पोलीस ठाण्यात गेले, 'आरोपींना अटक करा' म्हणून!

हसू मलाही आलं. पण शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला ते पूर्ण हसता येत नाही. खेकडा, उंदीर, घूस, वाळवी मातीचा बांध खरोखरच पोखरतात. चीड यायला हवी ती पुढच्या गोष्टीची. बीळ काही एका रात्रीत धरण फोडत नाही. फावडं घेऊन जाणारं कुणी नसेल, किंवा गेलेल्याचं कुणी ऐकत नसेल, तेव्हा फोडतं.

आता थोडं तांत्रिक. (कंटाळू नका, थोडंच आहे.) मातीच्या धरणाच्या पोटात चिकणमातीचा गाभा असतो, तो पाणी अडवतो. दोन्ही बाजूंना मुरमाचं जाड कवच, ते गाभ्याला आधार देतं. पाण्याच्या बाजूला लाटांनी माती झिजू नये म्हणून दगड बसवलेले असतात, त्याला पिचिंग म्हणतात. इतकं करूनही थोडं पाणी पाझरतंच, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. ते खालच्या पायथ्याशी निवळशंख बाहेर यावं, यासाठी वाळूखडीची गाळणी केलेली असते. बघायचं ते इतकंच, की पाझर वाढतोय का आणि पाणी गढूळ आहे का. गढूळ पाणी म्हणजे ते धरणाची माती सोबत घेऊन येतंय. आत पोकळी तयार होतेय, आणि पोकळी मोठी झाली की पाणी जोरात येतं आणि आणखी माती नेतं. एकदा हे सुरू झालं की हातात फार वेळ उरत नाही.

दुसरी भीती वरून पाणी जाण्याची. दगडी भिंतीवरून पाणी गेलं तर ती एखाद वेळेस तग धरेल, मातीची नाही धरत. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेही मातीचं धरण, बांधकाम अजून पुरतं व्हायचं होतं. वरचा भाग खचत होता आणि जवान रात्रभर वाळूची पोती रचत होते. म्हणून सांडवा मोकळा हवा. काही ठिकाणी मासे निसटू नयेत म्हणून त्यावर जाळी लावतात, मग त्यात पालापाचोळा अडकतो आणि तलाव चढतो. आपण ज्याला मजेची जागा समजतो तो धरणाचा श्वास घ्यायचा रस्ता आहे.

बरं, या लहान धरणांकडे कायद्याचं लक्ष किती? २०२१ मध्ये केंद्राचा धरण सुरक्षा कायदा आला. त्यात १५ मीटरपेक्षा उंच धरणं येतात, आणि १० ते १५ मीटरमधली काही अटींवर. १० मीटरच्या आतली त्या यादीत नाहीतच. पण वाडीला धरणाची उंची काय सांगायची? तिला एवढंच ठाऊक, की वर पाणी आहे आणि आपण खाली झोपतो.

मला खरं बोचतं ते इथे. आपण पाच तास मजा करून संध्याकाळची लोकल पकडतो. खालची माणसं तिथेच राहतात. आणि जाताना आपण काय करून जातो? चुलीसाठी पिचिंगचे दगड उचलतो. मातीच्या माथ्यावर ओल्यात गाड्या चढवतो, चाकोऱ्या पडतात, त्यात पाणी साचून ओघळ्या सुरू होतात. पायऱ्या असताना उतारावरून घसरत खाली येतो, म्हणजे गवत निघालं. एकट्याने काही बिघडत नाही हो, पण रविवारी तिथे एकटं कोण असतं?

आपल्या जिवाचंही आहेच. ३० जून २०२४ ला लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. ती उभी होती तिथलं पाणी काही क्षणांत वाढलं. आपल्या डोक्यावर ऊन असतं आणि वर डोंगरात ढग रिकामा होत असतो. सांडव्यावर शेवाळ असतं, आणि पाणी जिथे खाली आदळतं तिथलं खळाळ माणसाला वर येऊ देत नाही. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही नाही.

म्हणून मग बंदीचे आदेश निघतात. कर्जत-खालापुरातल्या धबधब्यांवर आणि धरणांवर अनेक पावसाळ्यांत निघालेत. त्यांचा मला राग येत नाही, पण भजी आणि मक्याची कणसं विकणाऱ्या बायका डोळ्यांसमोर येतात. त्यांची वर्षाची कमाई त्या दोन महिन्यांत असते. आणि बंदीने माणसं सांडव्यापासून लांब राहतील, पण भिंतीकडे कुणाचं लक्ष जाणार? ते तर तसंही नव्हतं.

तेव्हा मी आता विचारणाऱ्यांना सांगतो, दिवाळीनंतर चला. पाणी निवळलेलं असतं, तलाव भरलेला, गर्दी नाही. सकाळी पक्षी बघावेत, आंबिवलीहून पेठचा किल्ला चढावा (कातळाच्या पोटातून वर जाणारा जिना आहे, पोरं खूश होतात), येताना कडावच्या गणपतीला जावं आणि वाटेत कुणाच्या तरी घरी तांदळाची भाकरी सांगून ठेवावी. त्याचे पैसे नीट द्यावेत. म्हणजे कमाई दोन महिन्यांतच संपणार नाही.

आणि पावसात जायचंच असेल तर सांडव्यात उतरू नका, आणि निघण्याआधी पाच मिनिटं भिंतीच्या कोरड्या बाजूला द्या. गवतात अवेळी हिरवागार, ओला पट्टा दिसतोय का, कुठे भेग किंवा खड्डा आहे का, पायथ्याचं पाणी कसं आहे. भिंतीवर झाड वाढलं असेल तर तेही बघा. झाड मेलं की मुळं कुजतात आणि पाण्याला आयती वाट मिळते. खालच्या वाडीत विचारा, "हे नेहमीचंच का?" त्यांना नक्की माहीत असतं. नेहमीचं नसेल तर पोलीस पाटलांना, ग्रामपंचायतीला, तहसील कचेरीत कळवा. तिवऱ्याच्या लोकांनीही सांगितलं होतंच, म्हणून एकदा सांगून थांबू नका. शहरातून आलेल्या दहा जणांनीही तेच सांगितलं, तर वाडीचं म्हणणं बाजूला सारणं जरा जड जातं.

फोटो तर तुम्ही काढणारच. एक तिथलाही काढा. सुंदर येणार नाही, कुणी वाहवा करणार नाही. पाणी गढूळ आहे की स्वच्छ, एवढं त्यात दिसलं तरी पुरे.