झोपलेला ज्वालामुखी आणि माझा रूम पार्टनर

होस्टेलवर राहिलेला माणूस राजगड-तोरणा केल्याशिवाय पास आउट होत नाही. आणि चढताना दम लागला की कुणीतरी जिऑलॉजीच्या सबमिशनमधलं वाक्य फेकतंच, ‘अरे, हा सगळा लाव्हा आहे!’ खरंच आहे ते. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेला बेसॉल्ट म्हणजे आपला सह्याद्री. पण ते प्रकरण केव्हाच थंड झालं. नुसताच झोपलेला, कधीही कूस बदलेल असा डोंगर मी पहिल्यांदा पाहिला तो गेल्या मे महिन्यात, अमेरिकेत, ओरेगन राज्यात.

निमित्त पोर्टलंडच्या कॉन्फरन्सचं. तिथे माझा होस्टेलचा रूम पार्टनर अकरा वर्षं नोकरी करत होता. ‘होता’ म्हणायचं, कारण मी पोहोचायच्या तीन आठवडे आधी कंपनीने त्याला घरी बसवलं होतं. एच-वन-बी व्हिसावर नोकरी गेली की जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी शोधा, नाहीतर बॅगा भरा. साताऱ्याला आईला त्याने यातलं काही कळवलं नव्हतं. रोज फोनवर ‘आत्ताच आलो ऑफिसातून’ चालूच.

‘अकरा वर्षं पार्किंगमधून माउंट हूड बघतोय, पण वर गेलो नाही कधी. उद्या जाऊ,’ एवढंच म्हणाला. शंभरेक किलोमीटर गाडी चालवताना नोकरीबद्दल एक अक्षर नाही. मीही विचारलं नाही. व्हायव्हाच्या आदल्या रात्री आपण पार्टनरला ‘किती झालं?’ असं विचारतो का?

हूडची उंची सुमारे ११,२४० फूट. आपला लाव्हा पातळ, भेगांतून निघून लांबवर पसरला, म्हणून आपल्याकडे सपाट माथे आणि पायऱ्यांसारखे कडे. हूडचा लाव्हा चिकट. तो तोंडापाशीच साचत गेला, त्यामुळे डोंगर पिठाच्या ढिगासारखा टोकदार. शेवटचा मोठा उद्रेक १७८० च्या दशकातला. १८०५ साली लुईस आणि क्लार्क तिथल्या एका नदीच्या मुखाशी आले, तर पात्रात इतकी वाळू, की त्यांनी तिला ‘क्विकसँड रिव्हर’ नाव दिलं. ती वाळू याच डोंगराची. शेजारचा सेंट हेलेन्स असाच शंभरावर वर्षं गप्प होता. १८ मे १९८० ला फुटला, ५७ माणसं गेली. असं असूनही हूडच्या अंगावर लोक मजेत स्कीइंग करतात!

सहा हजार फुटांवर टिंबरलाइन लॉज आहे. महामंदीच्या काळात बेकारांना काम मिळावं म्हणून सरकारने तो बांधून घेतला. १९३७ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट उद्घाटनाला आले होते. शेकोटीपुढची जाळी गाडीच्या टायरच्या साखळ्यांची, जिन्याचे खांब म्हणजे तारांच्या जुन्या खांबांवर केलेलं कोरीवकाम. वर्कशॉपमध्ये भंगारातून जॉब करणाऱ्यांनी जरूर पाहावं. ‘बेकारांनी बांधलंय’ हे वाचून पार्टनर बराच वेळ त्या खांबावर हात ठेवून उभा होता.

स्कीइंगबद्दल काय सांगू? ते बूट घातले की पाय प्लॅस्टरमध्ये घातल्यासारखे वाटतात. ब्रेक लावायचा तर स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब न्यायची. याला तिथे ‘पिझ्झा’ म्हणतात. पिझ्झा जितका रुंद, तितकी बर्फात कड रुतते आणि वेग कमी होतो. थिअरी मला लगेच कळली. प्रॅक्टिकलला मी बसून उतरलो. पाच वर्षांची एक चिमुरडी ‘सॉरी’ म्हणत बाजूने निघून गेली!

दुपारी स्की परत केल्या आणि वर सिलकॉक्स हटकडे चालत निघालो. मैलभराचंच अंतर, पण हजार फूट चढ, तोही बर्फातून. शिखरावर जाणारे मध्यरात्रीच निघतात, कारण ऊन चढलं की बर्फ भुसभुशीत होतो आणि वरून दगड सुटतात. आम्हाला तेवढं वर जायचंच नव्हतं. दर वीस पावलांना थांबत हटपाशी पोहोचलो. दक्षिणेला माउंट जेफरसन दिसत होता. वाऱ्याबरोबर मधूनच सडक्या अंड्यांचा वास यायचा, थेट आपल्या केमिस्ट्री लॅबसारखा. वर माथ्याजवळच्या भेगांतून अजून गंधकाची वाफ निघते.

‘म्हणजे आत चालूच आहे,’ पार्टनर म्हणाला.

खाली लॉजवर आलो तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते, म्हणजे साताऱ्यात पहाटेचे साडेपाच. आई पाणी भरायला उठलेली असणार. त्याने तिथेच पायरीवर बसून फोन लावला आणि सगळं सांगितलं, नोकरी, व्हिसा, उरलेले दिवस, सगळं. मी लांब जाऊन उभा राहिलो, पण स्पीकर चालू होता. पलीकडे थोडा वेळ नुसता नळाचा आवाज. मग काकू म्हणाल्या, ‘मग पोरीच्या शाळेचं काय? इथल्या शाळा जूनमध्ये उघडतात. हेडबाईंना विचारून ठेवू का?’

‘थांब गं, अजून सदतीस दिवस आहेत,’ पार्टनर म्हणाला.

‘विचारून ठेवते,’ काकू म्हणाल्या, ‘आणि जेवलास का?’