पिंजऱ्यातले मडके

आपल्याकडे ‘लव्हबर्ड’ म्हणून जो हिरवा-पिवळा किंवा निळा चिमुकला पक्षी विकला जातो, तो बहुतेक वेळा लव्हबर्ड नसतोच. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला, ठेंगणा आणि आखूड शेपटीचा. आपल्या पिंजऱ्यांतला हा लांब शेपटीचा, पाठीवर नागमोडी काळ्या रेघा असलेला पक्षी म्हणजे ऑस्ट्रेलियातला बजरीगर. जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञाने १८४० मध्ये काही जिवंत बजरीगर इंग्लंडला नेले. तिथून त्यांचा जगभर प्रसार झाला आणि आज बाजारात दिसणारा प्रत्येक बजरीगर पिंजऱ्यात जन्मलेल्यांचा वंशज आहे. आपला देशी पोपट घरी ठेवण्यास वन्यजीव कायद्याने बंदी आहे. बजरीगर परदेशी असल्याने त्याला ती लागू होत नाही. त्यामुळे पोपटाची हौस आता याच्यावर भागवली जाते. हाच पक्षी कधी कधी स्वतःच्या पिल्लाची टाळू सोलून काढतो, असे सांगितले तर कोणाला खरे वाटत नाही.

मी कर्जतला राहतो. निवृत्तीनंतर ओसरीवर जखमी पक्ष्यांची थोडीफार देखभाल करू लागलो आणि हळूहळू पंचक्रोशीत तीच माझी ओळख झाली. पतंगाच्या मांजाने पंख कापलेली कबुतरे संक्रांतीच्या सुमारास येतात. वैशाखात उन्हाने घेरी येऊन पडलेले पक्षी येतात. बजरीगरची पिल्ले मात्र हटकून पावसाळ्यात येतात आणि बहुतेकांना झालेली जखम एकाच जातीची असते: मानेवर, पाठीवर किंवा डोक्यावर चोचीने ओरबाडलेली.

गेल्या चातुर्मासातली गोष्ट. खोपोलीच्या बाजारपेठेत धान्याचे दुकान असलेले एक गृहस्थ बँकेच्या दिवसांपासून माझ्या परिचयाचे. त्यांच्या कॅश क्रेडिट खात्याचे कागद मी वर्षानुवर्षे तपासलेले, त्यामुळे अजूनही ते मला ‘साहेब’च म्हणतात. एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. “साहेब, मादी पिल्लांना मारतेय. नात रडतेय. तुम्ही या.” कर्जतहून खोपोलीला जाणारी गाडी मोजकीच, पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी करीत ती पावसात रेंगाळत गेली आणि मी पोहोचलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती.

दुकानामागच्या पडवीत पिंजरा होता. त्यात एक जोडी, तारेला बांधलेले एक मडके आणि चार पिल्ले. बजरीगरची मादी एक दिवसाआड अंडे घालते आणि साधारण अठरा दिवसांनी तीही त्याच क्रमाने फुटतात. त्यामुळे एकाच घरट्यातल्या थोरल्या आणि धाकट्या पिल्लात आठवडाभराचे अंतर सहज पडते. इथली थोरली दोन पिल्ले मडक्याबाहेर येऊन दांडीवर बसू लागली होती. धाकटी दोन अजून आत होती आणि जखमी झाली होती तीच. एकाच्या मानेवर टिकलीएवढी कातडी निघालेली. दुसऱ्याची टाळू उघडी पडलेली, शिवाय पंखातले एक कोवळे पीस मोडून त्यातून रक्त ठिबकत होते. नवीन उगवणाऱ्या पिसात रक्त वाहत असते. ते मोडले तर उघड्या नळासारखे होते. पुरता वाढलेला बजरीगर तीस-चाळीस ग्रॅमचा. त्याच्या अंगात सारे मिळून जेमतेम चमचाभर रक्त, म्हणजे पिल्लाच्या बाबतीत वीस-पंचवीस थेंब जाणे हीही मोठी हानी. घरात कॉर्नफ्लॉवर होते. चिमूटभर घेऊन त्या पिसाच्या मुळाशी दोन-तीन मिनिटे बोटाने हलके दाबून धरले, तेव्हा रक्त थांबले.

घरातल्या वडीलधाऱ्या बाईंनी हळद-तेलाची वाटी आणून ठेवली होती. आपल्या घरांतला हा पहिला उपचार, आणि माणसाच्या बाबतीत तो ठीकही असेल. पक्ष्याला तेल लावू नये. पिसे चिकटतात, अंगाची ऊब टिकत नाही आणि चोचीने पिसे साफ करताना ते तेल पोटात जाते. जखम उकळून गार केलेल्या, किंचित मीठ घातलेल्या पाण्याने कापसाच्या बोळ्याने टिपून घ्यावी. पोव्हिडोन आयोडीन वापरायचे तर पाण्यात मिसळून, फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून. माणसांच्या वेदनाशामक गोळीचा तुकडाही देऊ नये. वाटीतल्या हळदीचा उपयोग मी पुढे दुसरीकडे केला. पावसाळ्यात जखमेच्या वासाने मुंग्या येतात. खोके ज्या स्टुलावर ठेवले होते त्याच्या पायांभोवती कोरड्या हळदीची रेघ ओढली. मुंग्याही वाचल्या आणि पिल्लेही.

औषधापेक्षा मोठे काम उबेचे असते. पुठ्ठ्याच्या खोक्याच्या एका बाजूला, बाहेरून, चाळीस वॅटचा दिवा, आत थर्मामीटर, तापमान तीस अंशांच्या आसपास. दिवा एकाच बाजूला असावा, म्हणजे पिल्लाला उकडले तर दुसऱ्या बाजूला सरकता येते. आमच्या घाटाखालच्या भागात जोराचा पाऊस म्हणजे वीज जाणार हे ठरलेले. त्या रात्री दोनदा गेली. गरम पाण्याची बाटली पायमोज्यात घालून खोक्यात ठेवणे हा त्यावर उपाय; मात्र दर दोन तासांनी उठून पाणी बदलावे लागते. दुसऱ्या दिवशी पनवेलच्या एका पशुवैद्यांना दाखवले. आपल्या तालुक्यांतले दवाखाने मुख्यतः गाई-म्हशी-शेळ्यांचे. एवढ्याशा पक्ष्याच्या औषधाची मात्रा थेंबांत मोजावी लागते, ती त्यातल्या जाणकारानेच ठरवावी.

खाणे हा आणखी एक नाजूक विषय. पिल्लू दुबळे झाले की घरोघरी दूध-भाकरी कालवली जाते. पक्ष्याला दूध पचत नाही. चोचीत पाणी सोडणे तर त्याहून धोक्याचे, कारण ते श्वासनळीत जाते. पिल्लांसाठी तयार पीठ मिळते. ते कोमट पाण्यात कालवून, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावे आणि कडा आत वळवलेल्या छोट्या चमच्याने चोचीच्या टोकाशी धरावे. पिल्लू स्वतः ओढून घेते. गळ्याखालची पिशवी हाताला मऊ, भरलेली लागली की थांबावे आणि ती रिकामी होईपर्यंत पुन्हा भरवू नये. दाणे टिपू लागलेल्या पिल्लापुढे राळे पसरून ठेवावे. राळ्याला दुकानात काय तोटा! चुन्यासाठी पक्षी विकणारे ‘समुद्रफेन’ देतात, ते एका समुद्री जिवाच्या अंगातले कवच असते. आपल्या घरांत ते नको वाटते. त्याऐवजी खनिजांची वडी मिळते, तिने काम भागते. पालेभाजीची गंमत अशी की चातुर्मासात त्या घरात कोथिंबिरीची काडी येत नव्हती. मग परसातल्या शेवग्याचा पाला पिल्लांच्या वाट्याला आला.

टाळू सोललेले धाकटे पिल्लू तिसऱ्या दिवशी पहाटे गेले. मानेवर जखम झालेले वाचले.

“ती आई नाही, राक्षसीण आहे,” असे घरात म्हटले गेले. मला ते पटत नाही. मडक्यात हात घालून पाहिले तेव्हा तळाशी तीन नवी पांढरी अंडी होती. सगळा उलगडा तिथेच झाला. पहिली पिल्ले चार आठवड्यांची होतात न होतात तोच ही मादी पुढची अंडी घालू शकते. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळावर पाऊस पडला की गवताला बी धरते आणि बजरीगर झाडांच्या ढोल्यांत अंडी घालतात. सुकाळ थोड्या दिवसांचा, म्हणून घाई. ढोली मिळवायला माद्या एकमेकींशी भांडतात, आणि मिळालेली ढोली प्राणपणाने राखतात. पिल्लू महिना-सव्वा महिन्याचे झाले की उडून थव्यात मिसळते आणि ढोली रिकामी होते. पिंजऱ्यात ना थवा, ना माळ, ना दुसरी ढोली. एक मडके, त्यात नवी अंडी आणि बाहेर न पडलेली दोन पिल्ले. मादी त्यांना ‘बाहेर व्हा’ म्हणते ते चोचीने, आणि बाहेर कुठे व्हायचे याला त्या दोन फुटांत उत्तर नाही. मुसळधार पाऊस, भरपूर दाणा आणि टांगलेले मडके, एवढ्याने तिच्या अंगातली ती जुनी घाई जागी होते. मडके मात्र तिने टांगलेले नसते.

म्हणून जखम भरणे हा निम्माच उपचार. उरलेला निम्मा पिंजऱ्याच्या मांडणीचा, आणि तिथे आमचे अडले. पाळणाऱ्यांचा सोपा सल्ला असतो की मडके काढा, अंडी फेका. शेठ म्हणाले, “साहेब, पर्युषण तोंडावर आलेय. अंडी फेकायचे पाप मी कसे घेऊ?” त्यांचे म्हणणे रास्त होते. त्यांनीच मग दुसरा मार्ग सुचवला: संवत्सरीला साऱ्या पक्ष्यांना पळसदरीच्या रानात सोडून द्यावे. जीव सोडवण्याची आपली परंपरा जुनी आहे आणि तिच्याविषयी मला आदर आहे. पण पिंजऱ्यात जन्मलेला बजरीगर रानात सोडणे म्हणजे त्याला कावळ्याच्या किंवा शिक्र्याच्या हवाली करणे. त्याला आपल्या रानातले खाणे ओळखता येत नाही, आणि असा पिवळाधमक पक्षी हिरव्या झाडीत लपत नाही. शिवाय सोडण्यासाठी जितके पक्षी विकत घेतले जातात, तितके पुढच्या वर्षी विक्रीला येतात. व्यापाऱ्याला मागणी-पुरवठा मी काय समजावणार! त्यांनी मान डोलावली.

आपल्या पूर्वजांनी या बाबतीत नुसती दया दाखवली नाही, व्यवस्था उभी केली. मुंबईत भुलेश्वरची पांजरापोळ १८३४ मध्ये व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने सुरू झाली. दिल्लीत लाल मंदिराच्या आवारातल्या पक्षी रुग्णालयात शिकारी पक्ष्यांना इतर पक्ष्यांपासून वेगळे ठेवण्याची पद्धत आहे. घारीला दोष न देता कबुतर वाचवायचे असेल, तर मधे भिंत हवी. खोपोलीच्या पडवीत आम्ही तेच केले.

दुसरा पिंजरा आणला. नर आणि तिन्ही पिल्ले त्यात हलवली. मादी तिच्या मडक्यासह जुन्या पिंजऱ्यात राहिली. बजरीगरचा नर पिल्लांना भरवण्यात मादीपेक्षा कमी नसतो. मडक्याबाहेर आलेल्या पिल्लांना भरवण्याचे काम तसेही मुख्यतः त्याचेच. अंड्यांवर बसलेल्या मादीला एरवी तोच भरवतो. आता तिला स्वतः उतरून खावे लागणार, म्हणून दाणा-पाणी मडक्याच्या तोंडाशीच बांधले. वाचलेले पिल्लू जखमेवर खपली धरल्यावर आठव्या दिवशी बापाच्या पिंजऱ्यात सोडले. पहिला तासभर मी आणि शेठची नात स्टूल घेऊन समोर बसून होतो. नराने त्याच्याकडे दोनदा पाहिले आणि तिसऱ्यांदा सरळ भरवायला घेतले. नात टाळ्या वाजवणार होती, मी तिचे हात धरले.

एकाहून जास्त जोड्या ठेवणाऱ्यांनी तर प्रत्येक जोडीला वेगळा पिंजरा द्यावा. ते जमत नसेल तर जोड्यांपेक्षा मडकी जास्त असावीत आणि सगळी एकाच उंचीवर; वरच्या मडक्यासाठी माद्या रक्तबंबाळ होईपर्यंत भांडतात आणि दुसरीच्या मडक्यात शिरून तिची पिल्ले मारतात.

राहिला मुख्य प्रश्न: दुसऱ्या विणीनंतर काय? नातीची हौस होती, आणि बाजारात जोडीमागे चार पैसेही मिळत होते. मी जुन्या सवयीने कागदावर आकडे मांडले. एका जोडीची वर्षात तीन वेळा वीण, प्रत्येक वेळी चार पिल्ले जगली तर बारा. म्हणजे सहा नव्या जोड्या, मूळची धरून सात. त्याच दराने दुसऱ्या वर्षी चौऱ्याऐंशी पिल्ले. चक्रवाढ शेठना माझ्याइतकीच ठाऊक, फक्त इथे मुद्दल जिवांचे. मी एवढेच विचारले की यांतली किती पिल्ले अशा घरी जातील, जिथे दुसरा पिंजरा आणला जाईल? अहिंसा अणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘बंध’, म्हणजे जिवाला कोंडून-बांधून ठेवणे, पहिले सांगितले आहे. जे पक्षी आधीच कोंडलेले आहेत त्यांना रान परके. त्यांना नीट सांभाळणे हेच कर्तव्य उरते. पण न जन्मलेल्यांसाठी पिंजरा तयार ठेवणे आपल्या हातात आहे, तसे न ठेवणेही. मडके नसेल तर बजरीगरची मादी सहसा अंडी घालत नाही. काही फेकावे लागत नाही, कोणाला मारावे लागत नाही. शेठ बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. शेवटी त्यांच्या सूनबाईच म्हणाल्या, “बाबा, ही पिल्ले मोठी झाली की मडके मी उतरवते.”

त्या तीन अंड्यांतून दोन पिल्ले निघाली. महिन्याची होताच, मादीला पुढची अंडी सुचण्याआधी, ती बापाकडे हलवली. मानेवरची जखम झालेल्या पिल्लाला तोवर नवी पिसे आली होती. मधे पैशाएवढी जागा मात्र उघडी राहिली, तिथली मुळेच गेली असावीत. कपाळावरच्या बाळपणीच्या रेघा मागे हटून चोचीवरची त्वचा निळी होत चालली होती, म्हणजे तो नर.

मडके दिवाळीपूर्वी उतरले. मादी तीन-चार दिवस त्या रिकाम्या तारेपाशी जाऊन बसत होती आणि तार चोचीने हलवून पाहत होती. नंतर तिने ते सोडले, राळ्याच्या वाटीपाशी उतरली आणि पुढच्या आठवड्यात तिची जुनी पिसे गळू लागली.