भाकरीच्या ताटात काय काय होतं

आमच्या पिढीला गव्हाची पोळी मिळायची ती सणाला. बार्शी, माढा, करमाळा, मंगळवेढा या पट्ट्यात साठ-सत्तरच्या दशकांत वाढलेल्या कुणालाही विचारा. रोजची भाकरी ज्वारीची, आणि १९७२च्या दुष्काळात रेशनवर आलेल्या तांबड्या मिलोची. भात आजारपणात, नाहीतर पाहुणे आल्यावर. आज ज्या कार्बोहायड्रेटच्या नावानं आपण दचकतो, ते आमच्या ताटात दोन्ही वेळा होतं. दुसरं भरपूर असं काही नव्हतंच. तरी मधुमेह झालेला माणूस अख्ख्या गल्लीत एखादा. तेव्हा रक्त तपासायला कोण जात होतं, हेही खरं. पण तेवढ्यानं उलगडा होत नाही.

ते ताट नीट आठवून बघा. चुलीपुढं बसून आमच्या आया काठवटीत पीठ रगडून रगडून मळायच्या. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो. मळण्यात हयगय झाली की भाकरी कडेनं चिरते. थापलेली भाकरी तव्यात पडली की तिच्यावर पाण्याचा हात फिरायचा, उलटून झाली की ती चुलीच्या तोंडाशी आरावर उभी. पापुद्रा टम्म सुटला की पहिली भाकरी सगळ्यात लहानाला. तिच्याबरोबर मटकीची नाहीतर हुलग्याची उसळ, अंबाडी किंवा तांदुळजा, बुक्कीनं फोडलेला कांदा, शेंगदाण्याची चटणी आणि वर तेलाची धार, शेवटी ताक. दळण गिरणीतलंच, पण कोंडा पिठातच राहायचा. सपीट काढायचं ते पुरणपोळीपुरतं.

भाकरीतला स्टार्च लाळेपासूनच तुटायला लागतो. लहान आतड्यात त्याचं ग्लुकोज होतं आणि ते रक्तात उतरतं. आता गंमत अशी की आपल्या सगळ्या रक्तात मिळून एरवी ग्लुकोज असतं जेमतेम ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. एका भाकरीतून त्याच्या कितीतरी पट येतं. ते रक्तात तुंबू नये म्हणून स्वादुपिंड इन्शुलिन सोडतं. मग यकृत आणि स्नायू ग्लुकोज ओढून घेतात आणि ग्लायकोजेनच्या रूपात साठवतात. यकृतात साधारण १०० ग्रॅम, स्नायूंत ४००च्या आसपास. या कोठ्या आधीच भरलेल्या असल्या आणि वरून खाणं चालूच राहिलं, तर चरबी साठत जाते. ती यकृतात आणि स्नायूंत शिरली की पेशी इन्शुलिनला दाद देईनाशा होतात. स्वादुपिंड जास्त इन्शुलिन सोडून वर्षानुवर्षं वेळ मारून नेतं. ते थकलं की मग रिपोर्टात साखर दिसते.

आमच्या ताटात उसळ, पालेभाजी, चटणीतलं तेल यांच्यामुळे जठर सावकाश रिकामं व्हायचं आणि ग्लुकोज हळूहळू उतरायचं. ज्वारीत जादू नाही, हे मी मुद्दाम सांगतो. आज शहरात महागाचं ज्वारीचं पीठ आणून नुसती भाकरी बटाट्याच्या भाजीशी खाणारे बघतो तेव्हा वाईट वाटतं. भाकरी आली, पण तिच्याबरोबरचं ताट मागंच राहिलं.

आणि अंगमेहनत. विहिरीचं पाणी, धुणं, भांगलण, बाजाराला पायी जाणं. राबणारा स्नायू इन्शुलिनची वाट न बघता रक्तातलं ग्लुकोज ओढतो, आणि काम थांबल्यावरही कितीतरी तास इन्शुलिनला चांगली दाद देतो. आमच्या घरांतल्या कोठ्या रोज रिकाम्या व्हायच्या. म्हातारी माणसंसुद्धा जेवल्यावर अंगणात शतपावली घालायची. जेवणानंतर १०-१५ मिनिटं चाललं तर चढणारी साखर कमी चढते, हे आता प्रयोगांनी दिसलंय.

त्या दिवसांचे गोडवे गाताना एक गोष्ट मात्र दडवू नये. आमच्या आया सगळ्यांच्या मागून जेवायच्या. टोपल्यात उरलेली अर्धी भाकरी, तळाचं कालवण. पोट आलेल्या बायकासुद्धा तशाच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची बाळं अभ्यासली. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपली बाळं स्नायूंनी रोड, पण चरबी त्या मानानं टिकून. २००४ साली याज्ञिकांनी ‘लॅन्सेट’मध्ये आपला आणि जॉन युडकिन या इंग्रज सहकाऱ्याचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३, पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२.

आम्ही तसल्याच अंगाची माणसं. पिंपरी-चिंचवडला, मुंबईला नोकऱ्या लागल्या, आणि डब्यात भाकरी न्यायची लाज वाटायला लागली. पांढरा भात रोजचा झाला. चहाबरोबर बिस्किटं आली, उपासाला भगर-शेंगदाण्याच्या आमटीच्या जागी साबुदाणा, जो जवळजवळ निव्वळ स्टार्च. काम खुर्चीतलं. उपासमारीला बेतलेल्या शरीरावर आम्ही सुबत्ता लादली. आता भावंडांचे फोन सुरू होतात तेच ‘तुझी उपाशीपोटीची किती?’ असे. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियॅब पाहणीत देशातले मधुमेही १० कोटींहून जास्त निघाले, आणि सीमेवरचे १३ कोटींहून जास्त.

सीमेवरच्यांना मागं फिरता येतं. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात वजन सात टक्के उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम एवढं उद्दिष्ट दिलं, तर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. आपल्याकडे त्यासाठी परकं काही आणायला नको. ताटात आधी उसळ आणि कोशिंबीर घ्या, भाकरी नाहीतर भात नंतर आणि बेतानं. हुलगे, मटकी परत स्वयंपाकघरात आणा. सुनेला, लेकीला, आईला पहिल्या पंगतीत बसवा; पोटुशी असेल तर आग्रहानं वाढा. गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असलेल्यांनी खाण्यात मोठा बदल डॉक्टरांना सांगूनच करावा, नाहीतर साखर एकदम उतरते.

आणि अंगानं बारीक म्हणून कुणाला सोडू नका. टेप घ्या, पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर किंवा बाईची ८०च्या वर भरली, तर याच आठवड्यात रक्त तपासून घ्या.