ओझें

आमच्या माजघरांतील कपाटाच्या तळाशीं, जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्याखालीं, मामंजींचा लॅपटॉप चार वर्षें पडून होता. २००७ सालीं सेवानिवृत्त झाल्यावर त्यांनीं तो हौसेनें घेतला, आणि आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त त्यावरच एकेक अक्षर वेंचीत लिहून काढला. पुढें तो इतका मंद झाला, कीं कळ दाबून चहा करून आणावा, तरी पडदा आपला कोराच! गेल्या दिवाळीच्या साफसफाईंत तो हातीं लागला, तेव्हां माझा पुतण्या म्हणाला, "काकू, हा आतां भंगारांत देऊन टाका." मामंजी झोपाळ्यावर बसून ऐकत होते. ते कांहींच बोलले नाहींत. आणि त्यांचें तें न बोलणेंच माझ्या मनाला लागलें.

कारण दोनच महिन्यांपूर्वीं आम्हीं घरखर्चाची वही त्यांच्याकडून काढून घेतली होती. दूधवाल्याला दोनदां पैसे दिले गेले, विजेच्या बिलाची तारीख टळली, एवढेंच निमित्त. "आतां आपण विश्रांति घ्यावी," असें मींच त्यांना गोड शब्दांत सांगितलें होतें. चाळीस वर्षें चालविलेली वही त्यांनीं मुकाट्यानें माझ्या हातीं दिली.

लॅपटॉप उघडून पाहिला, तों एक गोष्ट ध्यानांत आली. त्याचें कांहींच मोडलेलें नव्हतें. एक गिगाबाइट स्मरणशक्ति पहिल्या दिवशीं होती, तेवढीच आजहि होती. वाढलें होतें तें वरचें ओझें. मग मीं हलक्या कार्यप्रणालीचा शोध घेतला. लायनस टॉरवाल्ड्स ह्या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लायनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. त्यावर रचलेल्या अनेक प्रणाली आज विनामूल्य मिळतात. १९९३ सालीं सुरू झालेली डेबियन ही त्यांतली एक प्रमुख. तिच्याच पायावर उभारलेली अँटिएक्स ही प्रणाली जुन्या यंत्रांना झेपेल अशी बेतलेली आहे. मीं तीच निवडली.

प्रथम मामंजींचीं सारीं कागदपत्रें बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतलीं. नंतर नवी प्रणाली पेन-ड्राइव्हवर चढविली, आणि यंत्र त्यावरूनच चालवून पाहिलें. मूळ डिस्कला हात न लावतां अशी पारख करतां येते, ही मोठी सोय आहे. वाय-फाय जुळलें, आवाज आला, अक्षरें नीट उमटूं लागलीं. शेवटीं डिस्क पुसण्याची अनुज्ञा मागणारा प्रश्न आला, तेव्हां मात्र माझा हात थबकला. ह्या खेपेस मी मामंजींना विचारावयास गेलें.

"प्रत काढली आहेस ना? मग पूस," ते म्हणाले.

काम पार पडलें. मोठ्या उत्साहानें कुलवृत्तान्त उघडला, तों पडद्यावर रोमन अक्षरांची नुसती खिचडी! माझ्या तोंडचें पाणीच पळालें. मामंजींनीं चष्मा सांवरून क्षणभर पाहिलें, आणि शांतपणें म्हणाले, "सूनबाई, माझा जुना फाँट घालावयाचा राहिला." तो युनिकोडपूर्व काळांतला फाँट, त्यांत रोमन अक्षरांच्या जागीं मराठी वळणें बसविलेलीं असतात. सुदैवानें ती फाईलहि प्रतींत होती. ती नव्या प्रणालींत ठेवतांच मूळ पुरुषापासूनची सारी वंशावळ पुनः मराठींत उभी राहिली. हें मर्म घरांत त्यांच्यावांचून कोणालाच ठाऊक नव्हतें.

यंत्र तरुण झालें, असें मात्र कोणीं समजूं नये. प्रणाली हलकी झाली, तरी आजचीं संकेतस्थळें हलकीं झालेलीं नाहींत. चित्रपट लाविला कीं तें धापा टाकूं लागतें. पण लिहिणें, हिशेब मांडणें, पत्र पाठविणें, एवढें तें बिनतक्रार करतें.

दुसऱ्या दिवशीं मीं त्यावर घरखर्चाचा एक साधा तक्ता तयार केला, आणि लॅपटॉप मामंजींच्या पुढ्यांत ठेवून म्हटलें, "दूध, किराणा आणि वीज, एवढीं तीन खातीं आपण पाहावीं. बाकीचीं मी पाहीन. बिलाच्या तारखेची आठवण हें यंत्रच करून देईल."

त्यांनीं बराच वेळ तक्ता निरखला. मग कळफलकावर बोटें टेकवून विचारलें, "मागची शिल्लक किती?"

मी निरुत्तर झालें. दोन महिन्यांत ती मीं काढलीच नव्हती.